बाई खोकल्या की देवदूत खाली

अध्यक्षस्थानी बसलेल्या सरपंच लिंकेबाई, जिल्हा संग्रहालयातून आलेले पाहुणे डॉक्टर हेन्नेके, आज ज्यांचा निरोप घ्यायला आपण या चर्चमध्ये जमलोय त्या पाळक ब्रेडेरेकेबाई, आणि वरच्या लाकडी सज्ज्यात बसून आत्तापासूनच केककडे बघणाऱ्या माझ्या क्राटेनडॉर्फकरांनो,

मी फोल्कमार क्वास्ट, गावचा सुतार. वेदीच्या डोक्यावरचा हा प्रवचनाचा कट्टा मीच दुरुस्त केलाय, तेव्हा बाईंचं प्रवचन लांबलं असेल तर निम्मा दोष माझा.

पण आज बोलायचंय ते छताला टांगलेल्या या लाकडी देवदूताबद्दल. बाप्तिस्म्याला तो हातात पाण्याचं भांडं घेऊन खाली येतो. दोर माळ्यावर, आणि सोडणारा मी. वरून खालचं काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून संकेत ठरलेला: बाई खोकल्या की दोर सोडायचा.

हिन्त्से आजोबांच्या अंत्यविधीला मी घंटा वाजवायला वर गेलो होतो. बाईंना नेमकी सर्दी! त्या खोकल्या, माझा हात सवयीने चालला, आणि देवदूत थेट शवपेटीवर. वर मी ओरडतोय, "अहो, बाळ रडत का नाही?" तेवढ्यात त्यांच्या पत्नी लीझलोट आजी म्हणाल्या, "राहू दे रे त्याला. हे जन्मले तेव्हाही हाच आला होता." विधी संपेपर्यंत बाईंनी तो वर नेऊ दिला नाही. अशा आमच्या बाई!

आता बाई निघाल्या, नवा पाळक मिळणार नाही. डॉक्टरसाहेब म्हणतात, "गावात मूल नाही, बाप्तिस्मा नाही. वापर नसलेली वस्तू आमच्याकडे सुरक्षित राहील." बाई काल मला म्हणाल्या, "फोल्कमार, हा इथून हलला तर माझी इतकी वर्षं वाया गेली रे."

साहेब, तुमचं चूक नाही. पण बाप्तिस्म्याला मूलच लागतं, असं कुणी सांगितलं? माझे वडील कम्युनिस्ट पक्षाचे माणूस. त्यांच्या राजवटीत पोराला चर्चमध्ये आणायचं म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं. त्यामुळे माझा बाप्तिस्मा राहिला तो राहिलाच. गावच्या पोरांसाठी दोर सोडत आलो, खाली कधी उभा राहिलो नाही.

येत्या रविवारी, बाई गाव सोडायच्या आधी, उभा राहणार आहे. हसा खुशाल! तिसऱ्या बाकावरचे ते तिघंही माझ्यासारखेच आहेत, त्यांना मी माझ्यानंतर एकेक करून उभं करणार. त्यांच्या वेळी शेजारच्या गावचा पाळक येईल, न येऊन सांगतो कुणाला! वापर हवाय ना? घ्या वापर. देवदूत इथून हलायचा नाही.

अडचण एकच, दोर कोण सोडणार? डॉक्टरसाहेब, तुम्ही! शिडी पक्की आहे, माझ्याच हातची.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, उपकार झाले. कुणाला काही लागलं असेल तर सुताराची जीभ, तासून घ्या. आणि बाई, रविवारी जरा मोठ्याने खोका. मी पहिल्यांदाच खाली असेन.