दुर्बिणीवरची लाल खूण

आमच्या डहाणूच्या वाडीत माकडं आली ना, की आई-बाबा छऱ्याच्या बंदुकीने माकडांना मारत नाहीत, चिकूला टांगलेल्या पत्र्याच्या डब्याला मारतात. डबा ठणकन वाजला की माकडं पळतात.

परवा गेलो, तर बाबांचे तीन छर्रे डब्याच्या डावीकडून गेले. मी म्हटलं, "बंदुकीवरची दुर्बीण हललीय." पान्याने क्लॅम्प आवळले, तरी छर्रा डावीकडेच. मग दुर्बिणीच्या नेम जुळवायच्या स्क्रूजवळ नेलपॉलिशच्या दोन खुणा दिसल्या, एक लाल, एक निळी. स्क्रू लालवर होता.

"निळी माझी, लाल तुझ्या आईची," बाबा म्हणाले. "दोघांची नजर वेगळी."

आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईकडे वापीला गेलेली.

"मग सध्या निळीवर घ्या. आई आली की फिरवा परत."

"हात लावू नकोस. मी विसरलो तर?"

त्यांनी नेम वीतभर उजवीकडे धरला. डबा वाजला, माकडं पळाली.

"ती आल्या आल्या आधी डबा वाजवून बघणार," बाबा म्हणाले. "नेम चुकला, तर ऑपरेशन फसलं म्हणून घाबरेल."