फायनलच्या रेघा

मी मूळचा भिवापूरकडचा, जी. घरी वावर नाही का काही नाही, माय-बाप मिरच्या वाळवायच्या सातऱ्यावर देठ खुडायले जायचे, मीही तेच केलं. छप्पन साली बापानं आम्हा सगळ्याईले नागपूरले आणून दीक्षा घेतली अन् तेव्हापासून त्याच्या डोक्यात बसलं का पोट्ट्यानं मिरच्याईत मरायचं नाही. मंग मामाच्या ओळखीनं मले इथं कॉलेजात लावून देलं. शिकायले नाही हो, ग्राउंडवर. गवत कापणं, जाळ्या बांधणं, बॉलच्या ब्लॅडरात हवा भरणं अन् चुन्याच्या रेघा मारणं. सोनबा ग्राउंडवाला म्हणून सारं कॉलेज ओळखे.

रेघाईचं माह्यावालं शास्त्र होतं, काय सांगू तुम्हाले. कोणी शिकवलं नाही. इतवारीच्या बाजारातून चुन्याचे खडे आणायचे, ड्रमात पाण्यात टाकायचे, मंग ते असं खदखदते, असं खदखदते का हात घातला तं कातडी निघन. चार दिवस तसंच ठेवायचं, पाचव्या दिवशी थंड झालं का गाळायचं अन् रेघ ओढायची. चार दिवसाच्या आत मी कधी हात लावला नाही. एकदा चुना सरला तं चुलीतली राख मारली होती, तं दुसऱ्या कॉलेजचे पोट्टे हासले, म्हणे हे ग्राउंड आहे का मसनवटी. ते मले लागलं होतं, भाऊ. लय लागलं होतं.

एकाहत्तर-बहात्तर साल असन, मले सन पक्कं याद नाही, कॉलेज पहिल्यांदा फायनलले आलं. पहिली मॅच एका गोलनं जिंकली, दुसरी तशीच, अन् सेमीफायनल दोनदा खेळा लागली, पहिल्यांदा बरोबरीत सुटली म्हणून. गोल कोणी मारले ते मी विसरलो, पण वाचवले ते प्रभाकरनं. आमचा गोलकीपर. इथल्याच इंदोरा वस्तीतला, बाप नाही, माय बिड्या वळे. असा उडे ना बाप्पा, पाह्यणाऱ्याचा श्वास अटके. रेल्वेच्या टीमचे सायब सेमीफायनल पाहून गेले होते, त्यायनं स्पोर्ट्सच्या सरले सांगतलं का फायनलमंदी अजून एकदा पाहू, असाच खेळला तं नोकरीवर घेऊ. प्रभाकर मले म्हणे, काका, नोकरी लागली का मायच्या मांडीवरचं सूप काढून घेतो, बस झाल्या बिड्या.

फायनलच्या आदल्या दिवशी, थंडीचे दिवस असून, पाणी आलं. साऱ्या रेघा धुऊन गेल्या. ड्रम पाहतो तं रिकामा, सेमीफायनल दोनदा झाली न, तिथंच सरला चुना. फायनलच्या सकाळी सर म्हणे, सोनबा, सायब लोक येऊन राहिले, रेघा दिसल्या पाहिजे. मी म्हटलं हो जी. नाही म्हणायले पाहिजे होतं, राख मारतो म्हणायले पाहिजे होतं. काहून नाही म्हटलं? कोणी मसनवटी म्हणन म्हणून. सायकलवर इतवारी गाठली, खडे आणले, सकाळी भिजवले अन् दुपारी, ड्रम अजून गरम होता भाऊ, हाताले लागत होता, तरी मी रेघा ओढल्या. पांढऱ्या फटक. सर म्हणे, वा सोनबा.

दुसऱ्या हाफमंदी, शून्य-शून्य चालू, कॉर्नर आला, प्रभाकरनं उडी मारून बॉल धरला अन् तोंडावर पडला, गोलच्या रेघेवरच, ओली रेघ ती. बॉल सोडला नाही त्यानं. मंग ओरडला. सारे धावले, सगळ्याईच्या आधी मी. एकानं पाण्याची बालटी आणली, अन् हे नीट ऐका आता, मी ते बालटी लाथेनं पाडली. पाणी टाकू नका म्हटलं, चुना उकळन, डोळे शिजन त्याचे. मले चुन्याचं तेवढंच माहीत होतं, पाणी पडलं का उकळते. अन् चुन्याचं सोनबाले समजते म्हणून साऱ्यायनं माहं ऐकलं. एक थेंब टाकू देला नाही मी. कोरड्या दुपट्ट्यानं पुसत राहिलो, खोबऱ्याचं तेल मागवून ते घातलं, रिक्षात मांडीवर डोकं घेतलं अन् दवाखान्यात नेलं. त्याले काही दिसत नव्हतं, फक्त माहा हात धरून होता. तिकडे एका बॅकले गोलमंदी उभा केला, तीन गोल खाल्ले, हारलो.

डॉक्टरीणबाईनं त्याले नळाखाली धरलं. किती वेळ धरलं, पाणी, पाणी, पाणी. मंग बाहेर येऊन म्हणे, तिथल्या तिथं बालटीभर पाणी मारलं असतं तं दोन्ही डोळे राह्यले असते, कोणं अडवलं? पोट्टे चूप. मीही चूप. डावा डोळा गेला. मंग कुठली रेल्वे अन् कुठलं काय. घरी येऊन बायकोले म्हटलं, मी त्या लेकराचा डोळा घेतला वं. तिनं म्हटलं, चूप राहा, आपलेही लेकरं आहे.

आता प्रभाकर नागपुरातच सदरले एका पुस्तकाच्या दुकानात बसते. लग्न झालं, दोन लेकरं आहे. माय अजून बिड्याच वळते. अन् दरसाल बुद्धजयंतीले ते बाई खिरीचा डबा घेऊन माह्या घरी येते. काहून, माहीत आहे? तिले पोट्ट्याईनं एवढंच सांगतलं का सोनबा सगळ्याईच्या आधी धावला अन् मांडीवर घेऊन दवाखान्यात गेला. मले म्हणते, भाऊ, तुमच्यामुळे एक डोळा तरी वाचला माह्या लेकराचा. समोर बसून खाऊ घालते. अन् मी खातो, जी. दहा-बारा वर्षं झाले, खातो. सांगाले तोंड उघडतो अन् घास घेतो.

तुम्ही म्हटलं, सोनबा, तुमची जिंदगी सांगा, आम्ही छापतो. छापा. माहं नाव बदलू नका. प्रभाकर दुकानात रिकामा असला का वाचतच बसते, एका डोळ्यानं, त्याच्या हाती हे येईनच. मंग तो मायले वाचून दाखवन. पुढच्या साली ते बाई आली नाही तं तिचं बरोबरच आहे. त्याच्या लेकराईचे डोळे शाबूत राहो, एवढं शेवटी लिहा. मले त्यानं माफ करावं, असं काही लिहू नका.