मगर भाग दोन

पहिला पिक्चर चांगला गेला की माणसानं तिथंच थांबावं, हे मी आमच्या सुनीलवरून सांगतो.

साखरपुडा झाल्यावर तो होणाऱ्या बायकोला, वर्षाला, मगरीच्या एका हॉरर पिक्चरला घेऊन गेला. सोबत राखणीला तिचे मामा होतेच. मगर रबराची, तिच्या पाठीवरची चेनसुद्धा दिसायची. तरी इंटरव्हलनंतर वर्षानं भिऊन याचा हात गच्च पकडला. "मी तर लाजून मान खाली घालूनच बाहेर आलो गा," हे सुनील आम्हाला दर चहाला सांगायचा.

मागच्या महिन्यात त्या पिक्चरचा दुसरा भाग लागला. सुनीलनं आम्हा सगळ्यांना नेलं, मामांनाही. या वेळी मगर कॉम्प्युटरची होती. तिनं अख्खं गाव गिळलं आणि आम्ही जांभया दिल्या. सुनील मात्र शेवटपर्यंत खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून बसला होता.

बाहेर टपरीवर त्यानं वर्षाला विचारलंच, "काहून वं, आज हात नाही पकडला?"

"तेव्हा तरी मी कुठं पकडला होता?" वर्षा म्हणाली. "समोर उंच माणूस बसला होता. तुम्ही समोसे आणाले गेले, तेव्हा मी अन् मामानं जागा बदलल्या. तुम्ही आले अंधारात."

आम्ही सगळे मामांकडे पाहू लागलो. मामांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

"मले भेव लागलं होतं, जावईबापू," ते म्हणाले. "आजच्या पिक्चरमध्ये काही दम नव्हता."