जुन्या टेबलाची मुदत

हॅलो?… एक मिनिट थांब, पट्टीवर डोळा आहे… निळी… निळीच… हं, आता कडेनं राखाडी. एकोणीस मिनिटं. कालच्यापेक्षा दोन कमी. बोल.

हो, खालीच. आणखी कुठे जाणार?

माहितीये, आज पाचपर्यंत कळवायचंय, परत येणार की नाही. साहेबांनी तुला पुढे केलं होय?… अगं, चिडत नाहीये. ‘आपल्याच कंपनीत नवा धंदा काढ, नाही जमलं तर परत ये, वर्षभर तुझं वरचं टेबल राखून ठेवतो’, असं म्हणाले आणि ठेवलंही, ती नवी मुलगी जागेविना बसलीय तरी. डिंकाच्या कारखान्यात एवढं कोण करतं?

एकटी कुठे? कंपनीच्या पोटातली कंपनी आहे ही. अध्यक्ष मी, शास्त्रज्ञ मी, केर काढणारीही मीच… हस, हस.

जेवण? झालं की. उभ्यानंच… तुमच्याबरोबर कशी जेवू? मी आले की तुम्ही सगळे गप्प. तुम्हाला वाटतं, ही संचालकांची. संचालकांना वाटतं, ही डिंकवाली. धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

अगं ऐक ना… दोनच जिने आहेत मध्ये. येतेस पाच मिनिटं? वहीच्या प्रत्येक पानावर दुसऱ्या कुणाची तरी सही लागते ना, प्रयोग पाहिला म्हणून. वर्षभर ती जागा कोरीच… बरं. मीटिंग. असू दे.

आवाज? फ्रीजचा. तेवढीच सोबत.

काल एक फोन आला होता. लस सांभाळणारी नर्स. चाचणीला पट्ट्या दिल्यात ना तिला… हो, पेटी तापली की रंग बदलतो, त्याच. वीज गेली होती, कुणाला पत्ता नाही. पट्टी राखाडी दिसली म्हणून तिनं अख्खी पेटी बाजूला काढली. नाहीतर टोचल्या असत्या म्हणाली… लहान मुलांना, आणखी कुणाला?

अकरा मिनिटं बोलली माझ्याशी. आणखी पट्ट्या मागितल्या. मी म्हटलं, आम्ही सोमवारी पाठवतो… हो गं, ‘आम्ही’!

कळतंय मला. टेबल आज सोडलं आणि हे बुडालं, तर नोकरीही गेली. तीन महिने तेच घोळवतेय… रोज ठरवते, रोज मोडते.

नाही, साहेबांना फोन देऊ नकोस. तूच सांग. हवं तर लिहून घे…

टेबल त्या नव्या मुलीला द्या. मी वर परत येत नाही.