पुलापलीकडचा उंचवटा

हॅलो?… हो ताई, बोल… नाही, जिन्यात उभी आहे. समितीचा चहा चाललाय आत.

हो, दाखवला. पडद्यावर तुझा आलेख आला आणि खाली माझं नाव… तुझाच म्हणणार. मी काढलेला तो नव्हेच… नाही, आवाज नाही चढवत. हळूच बोलतेय.

अगं ऐक ना. काल फाइल मागितलीस तेव्हा काय म्हणालीस? रंग फिके आहेत, जरा ठळक करून समितीकडे पाठवते. हेच ना?… मग? रंगच बदललेस फक्त?

थांब, थांब. माझ्या आयतालेखात पाच-पाच मिनिटांचे गट होते. फोन केल्यावर रुग्णवाहिका किती वेळात पोचली, त्याचे. दोन उंचवटे दिसत होते, आठवतंय? एक दहापाशी, अलीकडच्या वस्तीचा. दुसरा चाळीसपाशी, पुलापलीकडच्यांचा. मध्ये जवळपास रिकामं. तू वीस ते साठचा एकच गट करून टाकलास…

हो, नियमात बसतं. गट रुंद केला की आयत बुटका होतो, ते मला नको शिकवूस. पण तो दुसरा उंचवटा गेला कुठे, ताई? पार सपाट झाला. बघणाऱ्याला वाटतं, कधीमधी कुणाला जरा उशीर होतो, एवढंच.

आणि संचित आलेख?… अगं तोच, गटागटाची बेरीज करत वर चढत जातो तो. तो तर तू अर्ध्या तासापाशी कापलास आणि टोकाला शंभर टक्के लिहिलंस. त्यापुढची माणसं मोजलीच नाहीस… काय? जागा पुरत नव्हती?… बरं.

कोण म्हणालं?… तुमच्या ऑफिसातले मोठे साहेब. हं… सगळीकडे गाडी अर्ध्या तासात पोचते असं त्यांनी आधीच वर कळवून टाकलंय, आणि तुझी बढती त्यांच्या हातात… तू नाही म्हणालीस, मीच म्हणतेय… हो, हो… कळतंय गं. सगळं कळतंय.

मग हेही सांग. तू कापून टाकलेल्या त्या तुकड्यात कोण कोण आहे? बाबा आहेत… आणणार. त्यांना मध्ये आणणारच. अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी फरशीवर बसले होते, आणि तू फोनवर होतीस. आली का गाडी, आली का गाडी, एकच घोकत होतीस. आज त्यांच्या शर्टाची बटणं आई लावते… रडू नकोस. नको ना रडूस, मला बोलता येत नाही मग.

तूच म्हणालीस ना, आकडे जमव, पलीकडे एक गाडी कायमची उभी करायला लावू? मी वर्षभर त्यामागे लागले ते तुझ्या शब्दावर. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर भांडले असते आणि विसरूनही गेले असते. तू कशी गं…

काय?… परत सांग… आत्ता गप्प बसायचं, आणि पुढच्या वर्षी आपण दोघी मिळून पुन्हा विषय काढायचा.

उशीर झाला, ताई… म्हणजे मी उठले. पडद्यावर ते बघितलं आणि उठलेच. म्हटलं, हा आलेख माझा नाही, माझा हा आहे. दोन्ही त्यांच्यापुढे आहेत आता… हो, सगळ्यांसमोर… नाही, तुझं नाव नाही घेतलं. कुणी बदलला म्हणाले, तर म्हटलं, ज्यांनी पाठवला त्यांनाच विचारा.

म्हणून तर चहाची सुट्टी घेतली. तुलाच लावतायत केव्हाचे. लागत नाहीये, कारण तू माझ्याशी बोलतेयस…

मी काय सांगू तू काय बोलायचं? ते तुझं तू ठरव… ऐक, दार उघडलं, बोलावतायत. ठेवते मी. त्यांचा फोन येईल, तो उचल… आणि ताई, स्पीकरवर ठेवणार आहेत. मी तिथेच बसलेली असेन.