दोन फुटांच्या पलीकडे

मुलगी : बाबा, टेप सोडा, मोजून झालं! आबांची खोली सात बाय पाच. आता प्लायच्या दोन्ही भिंती सारख्याच, एक्स फूट, सरकवायच्या. म्हणजे लांबी एक्स अधिक सात, रुंदी एक्स अधिक पाच. दोन रेषीय फलं. गुणली की क्षेत्रफळ हातात!

बाबा : सुतार मी आहे की तू?

मुलगी : तुम्ही कापा, मी गुणते. एक्स वर्ग, अधिक बारा एक्स, अधिक पस्तीस. आणि या गुणाकाराचा प्रांत, म्हणजे एक्सला कुठवर फिरायची मुभा? दोन्ही फलांना चालते ती प्रत्येक संख्या. इथे तर कुठलीही!

बाबा : कुठलीही? भिंत शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात गेली तरी?

मुलगी : पुस्तकात चालतं.

बाबा : आबा पुस्तकात झोपणार नाहीत.

मुलगी : बरं बाई! दवाखान्यातल्या नर्सताई म्हणाल्या, खाट, चाकाची खुर्ची आणि ती वळायला जागा, ऐंशी चौरस फूट तरी हवेत. नाहीतर आबा घरी नाही, वृद्धाश्रमात. ऐंशीसाठी एक्स येतो तीन, नाहीतर वजा पंधरा.

बाबा : वजा पंधरा?

मुलगी : ते सोडा, त्यात आबांची घडी घालावी लागेल. तीन! दहा बाय आठ.

बाबा : दोन.

मुलगी : दोनला त्रेसष्टच भरतात.

बाबा : शून्य ते दोन. हा तुझा प्रांत. लिही.

मुलगी : का पण? पुढे केवढी जागा आहे.

बाबा : मध्ये टेबल आहे.

मुलगी : आईचं.

बाबा : कापड बेतायचं टेबल आहे ते. तिथेच राहील.

मुलगी : आई गेल्यापासून तुम्ही त्यावरची धूळसुद्धा मला पुसू देत नाही.

बाबा : गप्प बस जरा.

मुलगी : नाही बसत. काल आबांनी विचारलं, "घरी कधी नेणार गं?" मी म्हटलं, बाबा भिंत सरकवतायत.

(बाबा टेबलापाशी जातात.)

बाबा : कुठे ठेवशील ते?

मुलगी : माझ्या खिडकीखाली. बसतं बरोबर.

बाबा : मोजलंस पण?

मुलगी : परवाच. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता.

बाबा : ते टोक धर. हळू. वर तिची कात्री आहे.

मुलगी : बाजूला काढून ठेवू?

बाबा : नको. तशीच राहू दे.