एक्केचाळिसावी ओळ

मुलगा : चाळीसच भरतात, बाबा. तिसऱ्यांदा मोजली.

वडील : बस की जरा. मघापासून येरझारा घालतोयस, सगळी भुकटी माझ्या नाकात जातेय.

मुलगा : यादीत जखमी जवानांची एक्केचाळीस नावं आहेत. शेवटचं माझं. खडूनं लिहिलंत, पण छिन्नी लावलेली नाही.

वडील : लावतो.

मुलगा : कधी? एक वाजून गेला. चारला ट्रक येणार, उद्या सकाळी चौकात शिळा उभी राहायची आहे.

वडील : मला घड्याळ कळतं.

मुलगा : आई म्हणाली, सोमवारपासून तुम्ही कारखान्याचं दार लावून बसता आणि डबा तसाच परत नेता.

वडील : तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.

मुलगा : खरं सांगा. मी समोरासमोर लढताना जखमी झालो नाही, पूल दुरुस्त करताना सुरुंग फुटला, म्हणून लाज वाटते का माझी?

वडील : जीभ आवर! लाज म्हणे.

मुलगा : मग काय ते बोला ना!

वडील : अरे, पस्तीस वर्षं नावं कोरतोय मी. सगळी गेलेल्यांची. अक्षर बारीक आलं म्हणून त्यातला एकही कधी भांडायला आला नाही. या हाताला तेवढंच ठाऊक आहे. ही शिळा आखायला घेतली, तर सवयीनं प्रत्येक नावापुढं दोन तारखांची जागा सोडली. जन्माची आणि दुसरी. तुझ्याही नावापुढं. लक्षात आलं तेव्हा दरदरून घाम फुटला. सगळं पुसलं, नव्यानं आखलं. चाळीस नावं कशीबशी झाली. तुझ्यापाशी आलो आणि हातोडी उचलेना. भीती वाटते रे मला.

मुलगा : हे मला सांगायला काय झालं होतं?

वडील : तुला? घरी आल्यापासून तू ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जातोस.

मुलगा : एका जागी बसवतच नाही मला. जो हात नाही त्यालाच खाज सुटते, खाजवू कुठं? तुम्ही शिकवलेला हात होता तो.

वडील : माझ्यापेक्षा सरळ ओळ यायची तुझी.

मुलगा : आता काहीही बोलताय.

वडील : तेव्हा बोललो असतो तर शेफारला असतास.

मुलगा : दुसऱ्या कारागिराला बोलावू का?

वडील : माझ्या मुलाचं नाव परका कोरणार? मी काय मे... नाही, नको.

मुलगा : बाबा, उद्या ते चाळीस जण घरच्यांना जवळ नेऊन आपापलं नाव दाखवतील. मी काय दाखवू? खडू? एका पावसात मी तिथं नव्हतोच, असं होईल.

वडील : कळतंय रे. हात ऐकत नाही.

मुलगा : ती लहान हातोडी द्या इकडं.

वडील : कशाला?

मुलगा : छिन्नी तुम्ही धरा, घाव मी घालतो. म्हणजे तुमच्या हातानं कोरलं असं होणार नाही.

वडील : डाव्या हातानं कधी खिळा तरी ठोकलायस?

मुलगा : परवा एक ठोकला. दोन वाकवले.

वडील : आणि माझ्या बोटावर बसली तर?

मुलगा : तर बेचाळिसावं नाव तुमचं.

वडील : गाढवा, हसवू नकोस, छिन्नी हलते. हं. हलका मार. मनगट सैल सोड.

(दोघे शिळेपाशी बसलेले. थांबत थांबत पडणारे घाव.)

मुलगा : लागलं का?

वडील : थोडंसं. चालू ठेव.

मुलगा : पहिलं अक्षर वाकडं गेलं, बाबा. घासून सरळ होईल?

वडील : होईल की. पण नको. गेलेल्यांची सगळी सरळ कोरलीत मी. हे वाकडंच राहू दे.